प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा आणि कुत्र्याची मूत्रपिंडं

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घरातल्या कुत्र्याच्याही वाट्याला येतो. कुणी कौतुकाने भरवतं, कुणाच्या द्रोणातून सांडलेला तो स्वतःच चाटूनपुसून घेतो. त्यातलं केळं कुत्र्याला चालतं. साजूक तूप जड पडतं, पण चमचाभर शिऱ्यातल्या तुपाने सहसा फार बिघडत नाही. बेदाणा मात्र कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये. द्राक्षं नकोत, मनुका नकोत, बेदाणेही नकोत, आणि हे आपल्याकडे अजून पुरेसं माहीत नाही.

कुत्र्याला फळं आवडतात यात नवल नाही. मांजराला गोड चव कळत नाही, कारण त्यासाठी लागणारं एक जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे. कुत्र्यात ते शाबूत आहे. शिवाय हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर वाढल्यामुळे पिष्टमय अन्न पचवण्यात तो लांडग्याच्या कितीतरी पुढे गेला आहे. पिष्ट फोडणारं अमायलेज हे विकर स्वादुपिंडात बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात साधारण २ प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३० सापडल्या. त्यामुळे आपण खातो ते यालाही चालेल, असं आपण धरून चालतो. पण पचणं वेगळं आणि पचल्यावर रक्तात उतरलेलं मूत्रपिंडांना झेपणं वेगळं.

द्राक्षं खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, हे अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २००१ च्या सुमारास नोंदवलं. कारण मात्र वीस वर्षं हाती लागलं नाही. कीटकनाशकं तपासली, जड धातू तपासले, बुरशीची विषं तपासली. काहीच निघालं नाही. घरच्या वेलीवरची, औषध न मारलेली द्राक्षं खाल्लेले कुत्रेही आजारी पडत होते. त्यात एक कुत्रा घडच्या घड फस्त करून ठणठणीत राहायचा, तर दुसऱ्याला मोजके मणी भोवायचे.

मग एएसपीसीए या अमेरिकी संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्राकडे एका कुत्र्याची केस आली. त्याने मुलांना खेळायला घरी मळलेला रंगीत पिठाचा गोळा खाल्ला होता, आणि त्याची मूत्रपिंडं अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखी बिघडली होती. गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षात हे आम्ल भरपूर असतं, बाकीच्या बहुतेक फळांत नसतंच म्हटलं तरी चालेल. त्याचं प्रमाण द्राक्षाच्या जातीवर, पिकलेपणावर आणि हवामानावर बदलतं, त्यामुळे एकाला भोवलं आणि दुसऱ्याला नाही, याचाही उलगडा होतो. केंद्रातल्या पशुवैद्यकांनी हा अंदाज २०२१ मध्ये मांडला. पेशींवरच्या प्रयोगांतून पुढे असं दिसलं, की हे आम्ल कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशीत शिरतं, पण ते बाहेर टाकणारं, माणसात असलेलं एक वाहक प्रथिन त्याच्याकडे नाही. आम्ल आत साठत जातं आणि पेशी मरतात.

टार्टारिक आम्ल हे नाव आपण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं असतं, आणि तिथे त्याच्यासमोर लिहिलेलं असतं: चिंच. परदेशातल्या याद्यांत द्राक्षं ठळक अक्षरांत असतात, चिंच बहुतेकदा नसतेच, कारण त्यांच्या स्वयंपाकात ती नाही. आपल्या घरात मात्र वर्षाची चिंच मीठ लावून बरणीत भरलेली असते आणि भेळेच्या कागदाला खजूर-चिंचेची चटणी चिकटलेली असते. चिंच खाऊन कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना अशीच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मला द्राक्षांपेक्षा हिचीच जास्त काळजी वाटते.

बेदाण्याचं गणितही नीट समजून घ्यावं. साधारण ४ किलो द्राक्षं वाळवली की १ किलो बेदाणा होतो, म्हणजे मूठभर बेदाण्यात मोठा घड आटलेला असतो. दिवाळीचा चिवडा, शेवयांची खीर, फ्रूटकेक यांत तो लपून जातो.

कुत्र्याने असं काही खाल्लं, तर लक्षणांची वाट बघत बसू नये. उलट्या बहुतेकदा पहिल्या २४ तासांत सुरू होतात. मूत्रपिंडं १ ते ३ दिवसांत ढासळतात, आणि लघवी थांबली की हातात फार काही उरत नाही. लगेच नेलं तर डॉक्टर औषध देऊन उलटी काढू शकतात, मग सलाइन लावून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट काम करत नसली की वाढणारा घटक) तपासत राहतात. जाताना काय, किती आणि कधी खाल्लं ते सांगा. घरी मिठाचं पाणी पाजू नका, रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला इजा होते.

बाकीच्या फळांत धोका गरापेक्षा बी-कोयीत जास्त. आमरस काढून झाला की टोपलीभर कोयी उरतात. गुळगुळीत, गोड, कुत्र्याला हव्याहव्याशा. चघळता चघळता ती गिळली जाते, लहान आतड्यात अडकते आणि पोट उघडावं लागतं. उलट्या थांबेनात, पाणीही टिकेना, शी होईना, अशी लक्षणं काही दिवसांनीही दिसू शकतात. सीताफळाच्या बिया तर आपल्याकडे उवा मारायला वापरतात. त्या कुत्र्याने चावून खाणं धोक्याचंच. सफरचंदाच्या बिया चावल्या की थोडं सायनाइड सुटतं. दोन-चार बियांनी काही होत नाही, तरी मधला भाग काढूनच द्यावं. कलिंगड आणि पिकली पपई साल-बिया काढून खुशाल द्या; चाट मसाला, मीठ, साखर काहीही लावू नका.

क जीवनसत्त्वासाठी पेरू-संत्रं भरवायची गरज नाही, कुत्र्याचं यकृत ते स्वतः तयार करतं. फळ हा खाऊ, आणि खाऊ दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावा. १० किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊला ६०. अर्धं केळं जवळपास तेवढं भरतं. अख्ख्या हापूसचा गर त्याच्या पुढे जातो. त्याच ६० मध्ये कलिंगडाच्या मात्र वाटीभर फोडी बसतात, म्हणून शिकवताना बक्षीस द्यायला त्या सोयीच्या. कुत्र्याला मधुमेह, स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा: मधुमेहात साखर, मूत्रपिंडाच्या आजारात केळ्यातलं पोटॅशियम आड येतं, आणि स्वादुपिंडाच्या आजारात स्निग्धांशामुळे ओलं खोबरंसुद्धा चालत नाही.