स्लिपर क्लच आणि डिफरन्शियल : रेडिओ-नियंत्रित बग्गीच्या गिअरबॉक्समधील दोन निराळी कामे

इलेक्ट्रिक ऑफ-रोड बग्गी वळणातून बाहेर पडते, चालक थ्रॉटल देतो, मोटरचा आवाज एकदम चढतो, पण गाडी मात्र त्या आवाजाच्या मानाने पुढे सरकत नाही, ही तक्रार १/१० प्रमाणातील टू-व्हील ड्राइव्ह बग्गी चालवणाऱ्यांमध्ये सतत ऐकू येते. अशा वेळी बहुतेकांचा पाना स्पर गिअरच्या (मोटरने फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या) बाहेर दिसणाऱ्या नटाकडे जातो, कारण तो हाताशी असतो. तो नट स्लिपर क्लचचा असतो. दोष मात्र पुष्कळदा आत दडलेल्या डिफरन्शियलचा असतो, आणि तसे असेल तर स्लिपर आवळल्याने तो दूर होण्याऐवजी वाढतो. दोन्ही भाग एकाच गिअरबॉक्समध्ये बसतात, दोन्हींना आवळण्याची सोय असते आणि दोन्हींत काहीतरी घसरते असे नवशिक्याने ऐकलेले असते, त्यामुळे हा गोंधळ समजण्यासारखा आहे.

ट्रॅक्टरचे काम पाहिलेल्या वाचकाला हा भेद पटकन उमगेल. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना वळताना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो तो डिफरन्शियल. आणि रोटाव्हेटरचे पाते दगडावर आदळले की गिअर तुटू नयेत म्हणून पीटीओ शाफ्टवर (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्यावर) जो घसरणारा क्लच बसवलेला असतो, त्याच जातीचा बग्गीतला स्लिपर. पहिला गतीची वाटणी करतो, दुसरा टॉर्कला मर्यादा घालतो.

डिफरन्शियलची (थोडक्यात डिफची) गरज किती असते हे आकड्यांत पाहणे उपयोगाचे आहे. १/१० बग्गीच्या मागच्या दोन टायरांच्या मध्यरेषांत साधारण २१ सेंटिमीटर अंतर असते, असे धरू. गाडीने १८० अंशांचे वळण घेतले की बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ६६ सेंटिमीटर जास्त धावते, आणि गंमत म्हणजे वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. मागच्या टायरचा व्यास ८५ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर बाहेरच्या चाकाला जवळपास अडीच फेरे जास्त मारावे लागतात. लहान वळणात हे अडीच फेरे अगदी थोड्या अंतरात उरकावे लागतात, म्हणून डिफ जाम झालेली गाडी तिथेच अडते. थ्रॉटल सोडून वळू पाहिले तर ती सरळ जाऊ पाहते आणि थ्रॉटल दिला तर मागचा भाग अचानक बाहेर फेकते. डिफ नीट आहे की नाही हे ओळखण्याची साधी खूण अशी की गाडी उचलून एक मागचे चाक हाताने फिरवले तर दुसरे उलट्या दिशेने तितकेच आणि अडखळल्याशिवाय फिरले पाहिजे.

स्लिपरचे काम वळणाशी निगडित नाही. ते उडीशी आणि सुरुवातीच्या झटक्याशी आहे. मोटरच्या पिनियनला (तिच्या दांड्यावरील लहान दातेरी चाकाला) २२ दाते, स्परला ७८ दाते आणि गिअरबॉक्सचे आतले गुणोत्तर २.६ असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचा रोटर ९.२ फेरे घेतो. गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने हवेत गेली आणि चालकाने थ्रॉटल धरून ठेवला, तर मोकळी चाके सहज ४८ किलोमीटरला शोभेल अशा गतीने फिरू लागतात आणि रोटर मिनिटाला सुमारे २७,५०० फेरे घेत असतो. चाके जमिनीला टेकताच त्याला निमिषार्धात १७,००० फेऱ्यांपर्यंत उतरावे लागते. रोटर दिसायला लहान असला तरी गुणोत्तराच्या वर्गामुळे चाकाला त्याचे जडत्व ८५ पट जाणवते, आणि हा सगळा धक्का पोलादी पिनियन व प्लॅस्टिकचा स्पर यांच्या दात्यांवर येतो. स्लिपर स्पर आणि टॉप शाफ्ट (स्परकडून ताकद गिअरबॉक्सच्या आत नेणारा दांडा) यांच्या मध्ये बसतो: स्परच्या दोन बाजूंना घर्षणाचे पॅड, त्यांवर धातूच्या चकत्या, चकत्यांवर स्प्रिंग आणि स्प्रिंगवर नायलॉक नट. धक्का ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्पर या चकत्यांमध्ये क्षणभर घसरतो, रोटर आपला वेग हळूहळू सोडतो आणि दाते वाचतात. टामिया कंपनीच्या १९८४ च्या हॉर्नेट बग्गीमध्ये डिफरन्शियल होता पण स्लिपर नव्हता, आणि त्या काळच्या साध्या ब्रश मोटरवर त्याची उणीव फारशी भासत नसे. त्याच जुन्या गिअरबॉक्सवर आज तगडी ब्रशलेस मोटर चढवणाऱ्याला मात्र ती लवकरच भासते.

इथपर्यंत दोन्ही भाग स्वच्छ वेगळे आहेत. त्यांना एकमेकांत गुंतवले ते बॉल डिफने. सेसिल शूमाकर यांनी इंग्लंडमधील नॉर्दम्प्टन येथे १९८० च्या सुमारास आवळता येणारा बॉल डिफ बाजारात आणला आणि त्यावरच त्यांची कंपनी उभी राहिली. पुढे १९८७ मध्ये रोम्सी येथे झालेल्या इफमार या रेडिओ-नियंत्रित गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जागतिक स्पर्धेत मासामी हिरोसाका यांनी शूमाकरचीच कॅट ही बग्गी चालवून फोर-व्हील ड्राइव्ह गटाचे विजेतेपद मिळवले. बॉल डिफमध्ये दातेरी बेव्हल गिअर नसतात. डिफ गिअरच्या भोकांत छोट्या कठीण गोळ्या बसतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना पोलादी रिंगा असतात, आणि एक लांब स्क्रू स्प्रिंग व थ्रस्ट बेअरिंगच्या साहाय्याने या रिंगांना गोळ्यांवर दाबून धरतो. मोटरची सगळी ताकद या दाबातून जन्मणाऱ्या घर्षणानेच चाकांपर्यंत जाते. गोळ्या रिंगांवर लोळल्या तर तो डिफचा धर्म. पण दाब कमी पडून त्या रिंगांवर घासत घसरू लागल्या तर तो रोग आहे. घासलेल्या गोळ्यांना सपाट ठिपके पडतात, रिंगांवर चर उमटतात, चाक फिरवताना वाळू दळल्यासारखी खरखर लागते, आणि एकदा हे झाले की कितीही आवळले तरी डिफ पूर्ववत होत नाही. रिंगा उलटवाव्या तरी लागतात किंवा बदलाव्या तरी लागतात.

म्हणून बॉल डिफ असलेल्या गाडीचा नियम एकच आहे: ताण वाढला की आधी स्लिपरने सोडले पाहिजे, डिफने कधीच नाही. सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारीत डिफ घसरत असताना स्लिपर आवळणे घातक ठरते ते याचमुळे, कारण त्यामुळे डिफवर पोहोचणारा टॉर्क आणखी वाढतो.

कोण घसरते आहे हे ओळखायला गाडी धाववण्याची गरज नाही. बॅटरी काढावी, दोन्ही मागची चाके एका हाताने किंवा मित्राकडून घट्ट धरावीत आणि स्पर अंगठ्याने पुढे ढकलावा. स्पर फिरला पण स्लिपरचा नट जागच्या जागी राहिला, तर घसरला तो स्लिपर, आणि ते योग्यच आहे. स्परबरोबर नटही फिरू लागला, तर टॉप शाफ्ट फिरतो आहे आणि चाके थांबलेली असताना ते शक्य होते याचा अर्थ डिफच्या गोळ्या घासत आहेत. ही एक चाचणी माझ्या मते कोणत्याही लिखित सेटअपपेक्षा मोलाची आहे. डिफ घसरत असेल तर आधी आउटड्राइव्हमधून (चाकाकडे जाणारा दांडा जोडतात त्या डिफच्या टोकातून) जाणारा डिफचा स्क्रू थोडा थोडा आवळून तो घसरणे थांबवावे, आणि मगच स्लिपरचा नट त्याच्यापेक्षा आधी सुटेल इतका सैल ठेवावा. हा क्रम उलटा केला तर मोजमापाला आधारच उरत नाही.

गिअर डिफमध्ये हा पेच बराच सुटतो. बंद डब्यातील बेव्हल गिअर दात्यांनी अडकलेले असल्यामुळे ताकद वाहून नेताना ते घसरू शकत नाहीत, आणि डिफचा कडकपणा स्क्रूवर नव्हे तर आत भरलेल्या सिलिकॉन तेलाच्या जाडीवर ठरतो. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत मागे ५,००० सीएसटीच्या (तेलाच्या जाडीचे एकक) आसपासचे तेल ही सुरुवात ठीक असते; जाड तेलाने दोन्ही चाके जोडीने ओढतात पण वळणात शिरताना गाडी आडमुठी होते. मातीचा, धुळीचा ट्रॅक असेल आणि दर काही शर्यतींनी डिफ खोलण्याची हौस नसेल, तर नव्या चालकाने गिअर डिफच घ्यावा. बॉल डिफ हलका आणि वळायला मोकळा असतो, पण तो सतत लक्ष मागतो.

फोर-व्हील ड्राइव्ह बग्गीत पुन्हा घोटाळा होतो, कारण तिथे अनेक गाड्यांत मधोमध एकाच जागी स्लिपर किंवा सेंटर डिफ यांपैकी एक बसवता येतो, आणि त्यामुळे दोन्ही एकच काम करतात असा समज होतो. सेंटर डिफ पुढच्या व मागच्या धुरांमध्ये गतीची वाटणी करतो. वेग घेताना पुढची चाके हलकी झाली की ताकद त्यांच्याकडे निसटते आणि मागचा भाग शांत राहतो, म्हणून परिणाम सैल स्लिपरसारखा भासतो. उडीनंतर मागची चाके आधी टेकली तरी धक्क्याचा भाग पुढची मोकळी चाके वेग वाढवून घेतात. मात्र चारही चाके एकदम टेकली तर सेंटर डिफला सोडायला जागाच उरत नाही, आणि रोटरचा पूर्ण धक्का दात्यांवर येतो. १/८ बग्गीत सेंटर डिफ असतो आणि स्लिपर नसतो, ते तिथले पोलादी स्पर व जाड शाफ्ट हा भार सोसू शकतात म्हणून.

१३.५ किंवा १७.५ टर्नच्या (तारेच्या वेढ्यांच्या) मोटरच्या गटांत काही चालक स्लिपर काढून त्याजागी घट्ट, हलका भाग बसवतात, कारण तिथे टॉर्क कमी असतो आणि फिरणारे वजन घटवणे फायद्याचे ठरते. ट्रॅक सपाट असेल, उड्या लहान असतील आणि हवेत थ्रॉटल सोडण्याची सवय पक्की असेल, तर हे चालते. मागे बॉल डिफ असेल तर मात्र टाळावे, कारण मग त्याच्या आधी सोडणारे काहीच राहत नाही. नव्याने जुळवलेला बॉल डिफ पहिल्या काही मिनिटांत बसतो आणि किंचित सैल होतो, त्यामुळे पहिली बॅटरी संपल्यावर नटाची तीच चाचणी पुन्हा करावी, लागल्यास डिफ आवळावा, आणि त्यानंतरच स्लिपरला हात लावावा.