साठी, बुद्धी आणि मॅग्नेशिअमचं बूच

२०२२ च्या ऑगस्टमध्ये संगणकाच्या जगात एक लहानशी बातमी आली. ब्रायन कर्निहन यांनी 'ऑक' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत युनिकोडची, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीची, सोय केली. ऑक १९७७ साली बेल लॅब्जमध्ये जन्मली, आणि तिच्या नावातला शेवटचा 'के' म्हणजे हेच कर्निहन. बातमी आली तेव्हा त्यांचं वय ८० होतं. आपल्याच जुन्या कोडात त्यांनी पुन्हा हात घातला होता. हे काम सोपवताना त्यांनी मोकळेपणानं लिहिलं, की समजावून सांगूनही 'गिट', म्हणजे कोडातल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आपल्याला अजून नीट उमगलेलं नाही. गिट २००५ सालचं, म्हणजे त्यांची साठी उलटल्यानंतरचं.

मी हे कौतुकानं ऑफिसात सांगितलं तर एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, ते अपवाद. बाकी साठी बुद्धी नाठी." ही म्हण आपण इतक्या सहज फेकतो की ती खरी आहे का, हे तपासायचं राहूनच जातं.

आधी कर्निहन यांनी केलेला बदल पाहू. 'मराठी' हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन. युनिकोडच्या लेखी ती पाच चिन्हं: म, र, काना, ठ, वेलांटी. ही चिन्हं संगणकात साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट (साठवणीचे छोटे कप्पे) लागतात, म्हणजे एकूण १५. कर्निहन यांच्या जुन्या ऑकला या शब्दाची लांबी विचारली की ते १५ सांगायचं. सी भाषेवर वाढलेल्या पिढीच्या अंगात 'एक अक्षर म्हणजे एक बाइट' हे मुरलेलं असतं. माझ्याही. काही वर्षांपूर्वी मराठी नावांची एक यादी छापण्याचा प्रोग्रॅम लिहिताना मी नावाचा रकाना २० बाइटांवर कापला. सहा चिन्हं धड छापली गेली, सातवं मधेच तुटलं, आणि कितीतरी आडनावांच्या शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह उमटलं. युनिकोड मला चांगलं ठाऊक होतं. हातांनी मात्र वीस वर्षांची सवय लिहिली.

म्हणजे नवं डोक्यात शिरत नव्हतं असं नाही. जुनं आधी पुढे येत होतं. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञानं १९४२ साली हे पाण्याच्या भांड्यांनी दाखवलं. तीन भांडी: २१, १२७ आणि ३ मापांची. त्यांतून १०० मापं पाणी मोजून काढायचं. मोठं भरा, त्यातून २१ काढा, मग ३ दोनदा काढा. अशाच रीतीनं सुटणारी काही कोडी दिल्यावर त्यानं २३, ४९ आणि ३ ची भांडी देऊन २० मापं मागितली. जुनी रीत इथेही चालते: ४९ वजा २३ वजा ६. पण २३ मधून ३ काढले की काम झालं! सराव झालेल्या बहुतेकांना ही सोपी वाट दिसलीच नाही. ज्यांना सराव नव्हता त्यांना ती सहज दिसली. लुचिन्सच्या कोड्यांनी मोजली ती सवय.

सवय मेंदूत कुठे बसते? इथे मला माझी सगळ्यात आवडती यंत्रणा सांगायची आहे, थोडा धीर धरा. एक चेतापेशी दुसरीशी बोलते तेव्हा दोघींमधल्या फटीत ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर ते ओळखणारी दोन तऱ्हेची दारं असतात. पहिलं, आम्पा, ग्लुटामेट लागताच उघडतं आणि सोडिअम आत येतं. दुसरं, एनएमडीए, ग्लुटामेट लागलं तरी वाहतं होत नाही, कारण त्याच्या नळीत मॅग्नेशिअमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. शांत पेशीच्या आतली बाजू ऋण असते, सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट, आणि ती या धन आयनाला ओढून धरते. आम्पाच्या दारांतून पुरेसा सोडिअम आत आला, पेशीचा ऋणभार घटला, की बूच उडतं. मग कॅल्शिअम आत शिरतं आणि त्या जोडावर आम्पाची आणखी दारं बसवली जातात. पुढच्या वेळी तोच निरोप जास्त जोरात ऐकू जातो.

प्रोग्रॅमरच्या भाषेत हे 'अँड' गेट आहे. समोरची पेशी बोलली 'आणि' ऐकणारी आधीच जागी असली, तरच जोड घट्ट होतो. हे बूच १९८४ साली सापडलं. जोड घट्ट होऊन तसाच टिकतो, हे १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशांच्या मेंदूत दाखवून ठेवलं होतं. एका रेणूत बसवलेली अट, आणि तिच्यावर आपलं पाढे पाठ करणं उभं आहे. मला याचं नवल वाटणं अजून थांबलेलं नाही.

उलटी वाटही आहे. कॅल्शिअम थोडं थोडं, रेंगाळत आलं तर दारं काढली जातात आणि जोड सैल होतो.

आता वयाचं बघू. एनएमडीए दार अनेक तुकड्यांचं बनतं, आणि वाढत्या वयात त्यातल्या एका तुकड्याची जागा दुसरा घेतो. बालपणीचं दार जास्त वेळ उघडं राहतं, प्रौढाचं लवकर मिटतं. म्हाताऱ्या उंदरांत जोड घट्ट करायला जास्त रेटा लागतो, पण रेटा दिला की तो होतो. माणसांचं सांगायचं तर जर्मनीतल्या संशोधकांनी २००८ साली साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू आळीपाळीनं हवेत उडवून झेलत राहायला शिकवलं. तीन महिन्यांनी त्यांच्या मेंदूच्या काही भागांत वाढ दिसली. सराव सोडल्यावर ती ओसरली. तरुणांच्या मानानं थोड्यांनाच ते जमलं, हेही खरं.

मॅग्नेशिअमचं वाचून कुणी गोळ्या आणायला धावू नये. बूच म्हणून लागणारं मॅग्नेशिअम शरीर स्वतःच राखतं. मुलांचा मेंदू जागा करून देतो म्हणणाऱ्या 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या क्लासात डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. आणि मेंदूच्या खेळांनी म्हातारपणची विसर टळते अशी जाहिरात करणाऱ्या लुमॉसिटी या कंपनीला २०१६ साली अमेरिकी सरकारकडे २० लाख डॉलर भरावे लागले. अशा दाव्यांवर पैसे घालवणाऱ्या आईवडिलांचा आणि आजी-आजोबांचा मला फार कळवळा येतो.

उपयोगी पडतं ते साधं आहे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतं, हे २००६ च्या एका प्रयोगात स्पष्ट दिसलं. म्हणून मी आता कोड चालवण्याआधी उत्तर कागदावर लिहितो. चुकलं की जुनी सवय नेमकी कुठे आडवी आली ते बोट ठेवून दाखवता येतं. बाइट आणि चिन्ह यांतला गोंधळ माझ्या वहीत अकरा वेळा आहे, पण शेवटच्या चार पानांवर एकदाही नाही.

कर्निहन यांच्या नव्या ऑकला 'मराठी'ची लांबी विचारली की उत्तर ५ येतं. आपल्याला दिसतात तशी ३ मोजायची तर काना-वेलांटी आधीच्या व्यंजनाला जोडून घ्यावी लागते, आणि जोडाक्षर आलं की नियम आणखी गुंततो. सध्या मी तेच शिकतोय. काल 'स्वातंत्र्य'वर अडकलो. कागदावर लिहिलं होतं ३, माझा प्रोग्रॅम म्हणाला ९, कारण जोडाक्षराचा नियम त्यात अजून बसलेला नाही.