पुएर्तो व्हिएहो: एक समुद्राकाठचं, एक नदीकाठचं

कोस्टा रिकात पुएर्तो व्हिएहो नावाची दोन गावं आहेत आणि दोन्हीकडच्या बस राजधानी सान होसेहून सुटतात. तिकीट काढताना नुसतं ‘पुएर्तो व्हिएहो’ म्हणालात, तर नारळ आणि कॅरिबियन समुद्र बघायला निघालेले तुम्ही दोनेक तासांत एका नदीच्या काठी उतराल. समुद्राकाठचं गाव ते पुएर्तो व्हिएहो दे तालामांका, प्रांत लिमोन. नदीकाठचं ते पुएर्तो व्हिएहो दे सारापिकी, प्रांत एरेदिया. हॉटेलचं बुकिंग करताना प्रांताचं नाव आधी बघावं.

घोळ वाढतो तो रस्त्यामुळे. दोन्हीकडे जाताना महामार्ग 32 धरून ब्राउलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून उतरावं लागतं (पावसात दरड कोसळली की हा रस्ता बंद होतो, हेही दोघांना सारखंच). डोंगर उतरल्यावर सांता क्लाराला फाटा लागतो. डावीकडे वळलात तर सारापिकी. सरळ पूर्वेला गेलात तर लिमोन बंदर आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेला, पनामाच्या सरहद्दीच्या बाजूला, तालामांका. हा प्रवास पाच तासांच्या आसपासचा.

दोन्ही गावांच्या नशिबात एकच रेल्वे आहे. रेल्वे येण्याआधी सारापिकी नदीतून होड्या सान हुआन नदीला लागत आणि तिथून अटलांटिकला. सारापिकीचं बंदर ते या वाटेवरचं. 1890 मध्ये सान होसे ते लिमोन रेल्वे पुरी झाली आणि त्या जलमार्गाचं महत्त्व उतरलं. किनाऱ्यावर मात्र याच रेल्वेच्या कामासाठी जमैकाहून मजूर आले आणि पुढे केळीच्या मळ्यांत राहिले. त्यांच्याही आधी पनामाच्या बाजूने कासवं पकडायला येणारे आफ्रो-कॅरिबियन कोळी इथे वस्ती करून होते. म्हणून तालामांकाच्या गावात आजही स्पॅनिशबरोबर क्रिओल इंग्रजी कानावर पडते. ‘वापिन’ म्हणजे काय चाललंय.

जेवणातही फरक कळतो, पण नीट बघितलं तरच, कारण दोन्हीकडे ताटात भात आणि घेवडाच असतो. सारापिकीत मिळतो तो गायो पिंतो: शिजवलेला भात आणि काळा किंवा लाल घेवडा परतून एकत्र केलेला, बहुधा सकाळच्या नाश्त्याला. तालामांकात मिळतो तो राइस अँड बीन्स: तांदूळ आणि लाल घेवडा नारळाच्या दुधात शिजवलेला, थाइम घालून, वर एक अख्खी तिखट मिरची. कोकणातल्या माणसाला हा दुसरा लगेच आपला वाटेल. रोंदोनही चुकवू नये. नारळाच्या दुधातलं हे मासळीचं कालवण, त्यात कच्ची केळी, कंद आणि कसावा, म्हणजे ज्याचा आपल्याकडे साबुदाणा होतो तो.

तालामांकात फिरायचं ते भाड्याच्या सायकलवर. गावापासून कोक्लेस, पुंता उवा असे किनारे घेत रस्ता सुमारे 13 किलोमीटरवर मांझानियोला संपतो. कोक्लेसला पाण्याची ओढ वाईट आहे. लाल बावटा असेल तर उतरू नका. गावासमोरची साल्सा ब्रावा ही लाट प्रवाळाच्या खडकावर फुटते, ती मुरलेल्या सर्फरांसाठी. आपण काठावर बसून बघावी. 22 एप्रिल 1991 च्या भूकंपात लिमोनचा किनारा काही ठिकाणी दीड मीटरपर्यंत वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडले. त्याआधी, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, मोनिलिया बुरशीने इथली कोकोची शेती झोपवली होती. पर्यटन त्यानंतर वाढलं. आज दिसणारी चॉकलेटची छोटी दुकानं आणि ब्रिब्री आदिवासींच्या कोकोच्या बागा ही त्यातून पुन्हा उभी राहिलेली बाजू. जवळच्या काविता राष्ट्रीय उद्यानात काविता गावाकडच्या दारातून शिरलात तर ठरावीक तिकीट नाही, ऐच्छिक देणगी आहे. 1994 मध्ये प्रवेशशुल्क वाढलं तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि उद्यानाच्या कारभारात वाटा मिळवला.

सारापिकीला समुद्र नाही, म्हणून ते कमी ठरत नाही. फक्त तिथे जाण्याचं कारण वेगळं. गावाजवळचं ला सेल्व्हा हे संशोधन केंद्र उष्णकटिबंधीय जंगलाच्या अभ्यासात जगभर माहीत आहे. वाटाड्याबरोबर तिथे एक सकाळ काढली तरी पक्षिवेड्यांचे पैसे वसूल. पाऊस वर्षाला सुमारे 4,000 मिलिमीटर, आणि खरा कोरडा महिना नाहीच. तालामांकाच्या किनाऱ्याला सप्टेंबर-ऑक्टोबर बरे, नेमके तेव्हा जेव्हा पॅसिफिक बाजूला धो धो पाऊस असतो.

दोन्ही बघायची असतील तर सारापिकी आधी घ्या. तिथून सान होसेला परतायची गरज नाही: बसने ग्वापिलेस, तिथे गाडी बदलून लिमोन, आणि लिमोनहून किनाऱ्याची बस.