गव्हाच्या दाण्यांची वीस अंकी संख्या

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर, एकाच खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इ.स. ८७६चा शिलालेख आहे. २७० हात बाय १८७ हात फुलबाग आणि देवाला रोज ५० माळा, असा हा दानाचा हिशेब. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी मंडळी पाहुण्यांना त्यातले शून्य आवर्जून दाखवतात. शून्याचा जन्म इथलाच, हे कुणी सांगितले तर सोडून द्यावे. ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम ६२८मध्येच लिहिले होते. पण स्थानानुसार किंमत देणारी ती लेखनपद्धत इथे दगडावर स्पष्ट दिसते, आणि तिच्यामुळेच पुढची संख्या एका ओळीत मावते:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

गोष्टीत बुद्धिबळ शोधणारा राजाकडे बक्षीस मागतो ते असे: बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, पुढे प्रत्येक घरात दुप्पट. ६४ घरांची ही बेरीज. तेराव्या शतकात चरित्रकार इब्न खल्लिकानने ही गोष्ट नोंदवली. दाणा ४० मिलिग्रॅमचा धरला तर गहू भरतो सुमारे ७४ हजार कोटी टन. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातली स्थानांची नावे अठराव्या स्थानी, परार्धापाशी संपतात; ही संख्या १८४ परार्धांच्याही वर जाते.

गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. खरी गंमत अवयवांत आहे. दाण्यांची ही बेरीज म्हणजे २चा ६४वा घात वजा १, म्हणजेच दोन वर्गांतला फरक, त्यामुळे तो फोडत जाता येतो आणि शेवटी उरतात सात मूळ संख्या: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. प्रत्येक एकदाच, म्हणून एकूण विभाजक १२८.

यांतल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या फ्रेंच गणिती फर्माच्या नावाच्या संख्या: २चा घात अधिक १, आणि तो घातांकही २चाच घात. अशा सगळ्या संख्या मूळ असतात, असे फर्माने १६४०च्या सुमारास मानले. पुढची संख्या ४२९४९६७२९७. ऑयलरने १७३२मध्ये तिला ६४१ने भाग जातो हे दाखवले, भागाकार ६७००४१७. हा अंदाजपंचे शोध नव्हता. अशा विभाजकाला ६४ने भागले की बाकी १च उरते, त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्याच मूळ संख्या तपासल्या की पाचवी ६४१ येते. फर्माचा चुकलेला अंदाज आपल्या दाण्यांच्या संख्येत असा दोन अवयव होऊन बसला आहे.

उरलेल्या पाच अवयवांचा गुणाकार ४२९४९६७२९५. गाऊसच्या सिद्धान्तानुसार इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो. विषम बाजूंचा याहून मोठा असा बहुभुज आजवर माहीत नाही, कारण फर्माची सहावी मूळ संख्या कुणाला मिळालेलीच नाही.

दाण्यांच्या संख्येत २ मिळवले की फर्माची ४२९४९६७२९७नंतरची संख्या येते. तीही मूळ नाही, तिला २७४१७७ने भाग जातो. क्लाउसेनने हे १८५५मध्ये गाऊसला पत्राने कळवले होते. तरी १८८०मध्ये लँड्रीला ते नव्याने शोधावे लागले.