ऑपरेशनचं नाव वाचा आणि मग आम्हाला फोन करा

आम्ही पेशंटचा बेड, वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोड खुर्ची असं सामान भाड्याने देतो आणि रोज चार-पाच तरी फोन असे येतात की "आईचं ऑपरेशन झालंय, उद्या घरी आणतोय, काय काय लागेल?" कसलं ऑपरेशन विचारलं तर उत्तर येतं, पोटाचं. आता पोटाचं म्हणजे पित्ताशय काढलं की हर्निया शिवला की गर्भाशय काढलं की सिझर झालं, हे कळल्याशिवाय आम्ही तरी काय पाठवणार. खरा शब्द डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला असतो, फक्त तो वाचायला गेलं की जीभ अडखळते म्हणून माणसं सोडून देतात. आम्ही डॉक्टर नाही, पण अशी कार्डं रोज हातात येतात, त्यातून जे कळलंय ते इथे लिहितोय.

शब्द शेपटीकडून वाचायचा. पुढचा भाग कुठला अवयव ते सांगतो आणि शेपटी काय केलं ते सांगते. शेपटीला एक्टॉमी असेल तर काढून टाकलं. अपेंडिसेक्टॉमी म्हणजे अपेंडिक्स काढलं, काही ठिकाणी तेच अपेंडेक्टॉमी लिहितात, फरक काही नाही. नुसतं ओटॉमी असेल तर कापून उघडलं, काढलं असेलच असं नाही. लॅपरोटॉमी म्हणजे पोट उघडलं एवढंच, आत काय केलं ते पुढच्या ओळीत असतं, ती ओळ पण वाचा. आणि ओस्टॉमी म्हणजे बाहेर उघडणारं तोंड करून ठेवलंय, ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंडच. कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर आणतात आणि तिथे पिशवी लावतात, ट्रॅकिओस्टॉमीत गळ्याला श्वासासाठी भोक, नेफ्रोस्टॉमीत पाठीतून किडनीत नळी.

या तीन शेपट्यांमधे एक-दोन अक्षरांचाच फरक आहे आणि आम्ही स्वतः त्यात आपटलोय. एकदा फोनवर आवाज तुटत होता, आमच्या पोराने लिहून घेतलं कोलोस्टॉमी आणि पिशव्या, चिकटपट्ट्या सगळं घेऊन दारात हजर, पेशंटची बायको ते सामान बघून रडायलाच लागली की आम्हाला न सांगता पिशवी लावली की काय. कार्ड बघितलं तर कोलेसिस्टेक्टॉमी. म्हणजे पित्ताशय काढलेलं, दुर्बिणीतून, पोटावर चार बारीक पट्ट्या आणि माणूस स्वतःच्या पायाने चालत आत आलेला! कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे काढली. कोलेक्टॉमी अजून तिसरंच, त्यात मोठं आतडं किंवा त्याचा काही भाग काढतात. तेव्हापासून आम्ही फोनवर नाव घेतच नाही, कार्डाचा फोटो मागतो.

असाच दुसरा फसवा शब्द ऑस्टिओटॉमी. ऐकायला ओस्टॉमीसारखा, पण ऑस्टिओ म्हणजे हाड, हाड कापून सरळ रेषेत आणलेलं असतं, पिशवी-नळीचा काही संबंध नाही.

बाकीच्या शेपट्या पटापट. स्कोपी म्हणजे दुर्बिणीने बघणं, पण बघता बघता आत काम पण करून येतात त्यामुळे आर्थ्रोस्कोपी झाली म्हणजे फक्त गुडघा बघितला असं धरू नका. प्लास्टी म्हणजे घडवणं, आकार देणं किंवा दुरुस्त करणं, प्लास्टिक घालतात असं नाही. राफी म्हणजे टाके घालून शिवणं. डेसिस म्हणजे जखडणं, आर्थ्रोडेसिस झालेला सांधा नंतर वाकतच नाही, तो वाकावा म्हणून घरी जोर लावू नका प्लीज. लिथोट्रिप्सी म्हणजे खडा फोडणं. ग्राफी म्हणजे फोटो काढणं.

ग्राफी आणि प्लास्टीचा घोळ हृदयाच्या पेशंटमधे फार होतो. अँजिओग्राफीत रक्तवाहिनीत डाय सोडून ब्लॉक कुठे आहे ते बघतात, अँजिओप्लास्टीत फुग्याने तो ब्लॉक रुंद करतात आणि बहुतेक वेळा स्टेंट ठेवतात. हृदयाची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी १९७७ साली झुरिकमधे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी केली, म्हणजे हा प्रकार तसा नवाच. अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी दोन्ही मनगटातून किंवा जांघेतून होतात, घरी बेड मागवायची गरज क्वचितच पडते. बायपासची गोष्ट एकदम वेगळी. कार्डावर सी ए बी जी लिहिलेलं असतं, हॉस्पिटलमधे सगळे कॅबेज म्हणतात, एकाने आम्हाला विचारलं पण होतं की डॉक्टर कोबीबद्दल का बोलत होते. यात बहुतेक वेळा छातीचं मधलं हाड कापलेलं असतं, त्याला स्टर्नोटॉमी म्हणतात, आणि पायातली शीर काढून तिकडे जोडली असेल तर पायाला पण टाके. हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे जातात, तोवर हातांवर जोर देऊन उठायचं नाही. म्हणून बेडच्या वर लटकणारं हँडल, जे धरून पेशंट स्वतःला ओढून उठतो, ते आम्ही या पेशंटला देत नाही. डोक्याकडून वर होणारा बेड देतो. लोक म्हणतात अहो द्या ना, सोयीचं आहे, पण सोयीचं आहे तेच इथे घातक आहे.

गर्भाशयाच्या ऑपरेशनबद्दल जरा थांबून सांगतो कारण इथे एका शब्दाने घरोघरी गैरसमज झालेत. टोटल हिस्टरेक्टॉमी म्हणजे सगळंच काढलं असं बायका धरून चालतात. तसं नाही. टोटल म्हणजे गर्भाशय आणि त्याचं मुख, आणि मुख ठेवलं असेल तर सबटोटल लिहितात. अंडाशय हा वेगळा हिशोब आहे, ती काढली असतील तर ऊफोरेक्टॉमी आणि नळ्या काढल्या असतील तर साल्पिंजेक्टॉमी असा स्वतंत्र शब्द असतो, किंवा दोन्ही मिळून बी एस ओ. पाळी चालू असताना दोन्ही अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती लगेच सुरू होते, अंगातून वाफा येणं वगैरे, आणि घरच्यांना वाटतं ऑपरेशन बिघडलं. ताई, मावशी, डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्या की अंडाशयं ठेवलीत का, लाजू नका.

हाडांच्या कार्डावर ओ आर आय एफ दिसेल. ओपन रिडक्शन इंटर्नल फिक्सेशन. यातलं रिडक्शन म्हणजे कमी करणं नाही, सरकलेलं हाड जागेवर बसवणं, आणि फिक्सेशन म्हणजे प्लेट-स्क्रूने पक्कं करणं. एका दादांनी आमच्याकडे एक पाय छोटा धरून कुबड्या मागितल्या होत्या, म्हणे वडिलांचं मांडीचं हाड डॉक्टरांनी रिड्यूस केलंय. दोन्ही पाय एकसारखे होते, कुबड्या पण एकसारख्याच दिल्या. खुब्याला टोटल रिप्लेसमेंट असेल तर वाटी आणि गोळा दोन्ही बदललेत, हेमीआर्थ्रोप्लास्टी असेल तर फक्त गोळा. दोन्हीत बरेच डॉक्टर सुरुवातीला सांगतात की बसल्यावर गुडघा कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणून कमोडवर लावायची उंच सीट बेडच्या आधी मागवा. घरची खोल गादीची सोफाखुर्ची तेवढे दिवस विसरा.

आणि हाडांच्या कार्डावर खाली कुठेतरी तीन-चार अक्षरं असतात, आमच्यासाठी ती ऑपरेशनच्या नावापेक्षा महत्त्वाची. एन डब्ल्यू बी म्हणजे त्या पायावर अजिबात वजन नाही. पी डब्ल्यू बी म्हणजे थोडं, किती ते डॉक्टर सांगतील. एफ डब्ल्यू बी म्हणजे पूर्ण वजन चालेल. एन डब्ल्यू बी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुबड्या देणं म्हणजे पडायला आमंत्रण, त्यांना बहुतेक वेळा वॉकर आणि व्हीलचेअर दोन्ही लागतात. ही अक्षरं सापडली नाहीत तर अंदाज करू नका, वॉर्डातल्या सिस्टरना विचारून लिहून घ्या.

अजून दोन शब्द. इलेक्टिव्ह लिहिलं असेल तर केलं नसतं तरी चाललं असतं असा अर्थ काढू नका, आधी तारीख ठरवून केलं एवढंच. लॅप कन्व्हर्टेड टू ओपन म्हणजे दुर्बिणीने सुरू केलं आणि मग मोठा छेद घेतला. त्यात कुणी चुकलं असं नसतं, आत चिकटलेलं असलं किंवा रक्त थांबेना झालं की तसं करणंच सुरक्षित असतं. पण घरच्या तयारीला फरक पडतो, मोठ्या छेदाच्या पेशंटला आडवं झाल्यावर उठणं जड जातं, तर बेड घेऊन ठेवा.

खड्याच्या पेशंटच्या कार्डावर डी जे स्टेंट असेल तर त्याचं आमच्याकडे काही सामान लागत नाही, तरी सांगतोच. किडनी ते मूत्राशय अशी बारीक नळी असते, दोन्ही टोकं जे अक्षरासारखी वळलेली म्हणून डबल जे. ती बहुतेकांना काही काळापुरती असते, काढावी लागते. दुखणं थांबलं की माणसं विसरतात आणि मग राहिलेल्या नळीवरच नवे खडे चढतात. काढायची तारीख कार्डावर नसेल तर घरी निघायच्या आधी लिहून घ्या आणि मोबाईलमधे अलार्म लावा.

सामान मागवताना कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, नाव आणि फोन नंबरवर बोट ठेवून काढला तरी चालेल, आम्हाला फक्त ऑपरेशनची ओळ आणि शेवटच्या सूचना लागतात. पेशंटची उंची, वजन आणि बाथरूमच्या दाराची रुंदी पण मोजून ठेवा. व्हीलचेअर दारातच अडकली की सगळ्यांचीच पंचाईत होते.