भुताची नव्हे, प्रेमाची पुस्तकं: वाचकांसाठी आणि पालकांसाठी

आमच्या जळगावच्या दुकानात काळ्या-जांभळ्या मुखपृष्ठांचं एक कपाट आहे. कॉलेजची मुलं-मुली थेट तिकडे जातात आणि मागे उभे राहिलेले पालक आम्हाला विचारतात, ‘हाई भूतनं पुस्तक शे का?’ त्याचं उत्तर नीट द्यावं म्हणून हे पत्रक.

या प्रकाराला ‘यंग अ‍ॅडल्ट पॅरानॉर्मल रोमान्स’ म्हणतात. साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली ही प्रेमकथा असते आणि दोघांपैकी एक जण सहसा साधा माणूस नसतो. तो रक्तपिशाच असेल, पौर्णिमेला लांडगा होणारा मुलगा असेल, किंवा स्वर्गातून हाकललेला देवदूत. भयकथेत अशा जिवापासून पळायचं असतं, इथे त्याच्यावर जीव जडतो. जग मात्र आपलंच असतं: वर्ग, परीक्षा, मैत्रिणींची भांडणं. राजे, ड्रॅगन आणि पहिल्या पानावर वेगळ्याच देशाचा नकाशा असेल तर ती निराळी फँटसी. ते कपाट शेजारी आहे.

१८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या इंग्रजी कादंबरीत रक्तपिशाच हा खलनायक होता. पुढे तो हळूहळू नायक होत गेला आणि २००५ मध्ये ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी आल्यावर अशा पुस्तकांची लाट आली. ती कथा अमेरिकेतल्या फोर्क्स या खऱ्याखुऱ्या पावसाळी गावात घडते. आभाळ कायम भरलेलं, म्हणून पिशाचांना दिवसाही लोकांत वावरता येतं. चांगला लेखक हवामानसुद्धा असं कथेच्या कामाला लावतो. तोरणमाळच्या धुक्यात अशी एखादी मराठी कादंबरी कोणीतरी लिहावी, असं आम्हाला फार वाटतं.

कारण यातलं दुःख खान्देशाला परकं नाही. सातपुड्यात धडगावच्या बाजूला अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रा भरते. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा तिथे अजून फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. मरण न येणं हाच त्याचा शाप. या पुस्तकांतला नायकही तसाच अडकलेला: तो कायम सतरा वर्षांचा, आणि नायिका मात्र दर वाढदिवसाला त्याच्यापुढे निघून जाते. तिने आपलं मनुष्यपण सोडायचं, की त्याला सोडायचं? सतराव्या वर्षी ‘आता कायमचं ठरवा’ असं सगळेच सांगत असतात. म्हणून हा प्रश्न मुलांना आतून भिडतो.

पालकांनी दोन गोष्टींकडे जरूर लक्ष द्यावं. ‘न्यू अ‍ॅडल्ट’ किंवा ‘रोमँटसी’ (रोमान्स आणि फँटसी एकत्र) म्हणून विकली जाणारी बरीच पुस्तकं प्रौढांसाठी असतात, त्यांत शरीरसंबंधांची उघड वर्णनं येतात. मुखपृष्ठं मात्र अगदी सारखी दिसतात, आणि ऑनलाइन मागवताना गफलत होते ती इथेच. आमच्याकडे ही पुस्तकं वरच्या फळीवर वेगळी ठेवली आहेत आणि शाळकरी मुलांना आम्ही ती देत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काही लोकप्रिय कथांत नायक नायिकेचा गुपचूप पाठलाग करतो, ती झोपलेली असताना खोलीत येऊन बघत बसतो, तिने कोणाला भेटायचं ते परस्पर ठरवतो, आणि कथा त्याला प्रेम म्हणते. असं पुस्तक हिसकावून घेऊ नका. स्वतः वाचा आणि जेवताना सहज विचारा, ‘तो असा वागला तेव्हा तिला काय वाटलं असेल गं?’ मुली यावर फार नेमकं बोलतात, आम्ही ऐकलं आहे.

मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजी वाचनाची सुरुवात इथून करायला हरकत नाही. बहुतेक कथा ‘मी’ने सांगितलेल्या, वाक्यं छोटी, संवाद भरपूर. एखादा शब्द अडला तरी पुढे काय होतं या ओढीने पान उलटलं जातं.

ही पुस्तकं बहुधा मालिकेत येतात आणि पहिला भाग ऐन मोक्याला संपतो. क्रम चुकला तर मजा गेली, म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या आत पेन्सिलीने भाग क्रमांक लिहिलेला आहे. पूर्ण संच एकदम घेऊ नका. आधी पहिला भाग न्या, दुकानात बसून दोन प्रकरणं वाचलीत तरी चालेल. नाही आवडला तर आठ दिवसांत बदलून देऊ, पानं तेवढी दुमडू नका.