खेचराचा पाय

२८ डिसेंबर २०११ च्या रात्री तुर्कस्तानच्या शिर्नाक प्रांतातल्या रोबोस्की गावाजवळ लढाऊ विमानांनी बॉम्ब टाकले. इराकच्या हद्दीतून डिझेल आणि सिगारेटी घेऊन परतणारे ३४ कुर्द गावकरी मेले, त्यांत कोवळी पोरं बरीच होती. सोबतची खेचरंही मेली. या डोंगरांत खेचर गेलं की घराची कमाई गेली.

साधारण ३५० किलोचं खेचर उभं असतं तेव्हा सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर येतं, म्हणजे एकेका पायावर शंभर किलोंच्या वर. पाठीवर डिझेलचे ६० लिटरचे दोन कॅन असले तर आणखी १०० किलो. इराण-इराक युद्धात (१९८०-८८) त्या दोन देशांच्या सीमेवर पेरलेला इटालियन बनावटीचा व्हीएस-५० हा भूसुरुंग ९ सेंटिमीटर व्यासाचा, तळहातावर मावणारा. त्याला फुटायला १० किलोंचा दाब पुरतो. आवरण प्लॅस्टिकचं, त्यामुळे धातुशोधक यंत्राला तो सहज सापडत नाही. बर्फ वितळून दरड सरकली की तो जागाही बदलतो. काल निर्धोक असलेली वाट आज तशी असेलच असं नाही.

पाय तुटलेला माणूस कुबड्यांवर चालतो. खेचराचं तसं होत नाही, आणि ही गोष्ट फार क्रूर आहे. त्याचं सगळं वजन खुराच्या आत, हाडाला खुराच्या भिंतीशी जोडणाऱ्या नाजूक पापुद्र्यांवर टांगलेलं असतं. पाय आलटून पालटून टेकला तरच तिथे रक्त नीट खेळतं. एका पायावर दिवसेंदिवस भार राहिला तर पापुद्रे सुटतात आणि हाड खाली तळव्याकडे घसरतं. मग शाबूत पायही जातो. म्हणूनच तुटल्या पायाच्या खेचराला बहुधा गोळीच घालावी लागते.

छर्र्याची लहान जखमसुद्धा घातक ठरते, कारण घोड्याच्या कुळाला धनुर्वात फार लवकर होतो. रक्त थांबवायला दाबून पट्टी बांधायची, जखम स्वच्छ पाण्याने धुवायची आणि धनुर्वाताची प्रतिविषं असलेलं इंजेक्शन लगेच द्यायचं. संचारबंदी असली की पशुवैद्य पोचतच नाही. जबडा आवळला, कान ताठ झाले, की सहसा उशीर झालेला असतो.

नवं खेचर आणायचं कुठून? घोडीची ६४ गुणसूत्रं, गाढवाची ६२, खेचराची ६३. या विषम संख्येच्या जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे खेचरापासून खेचर सहसा होत नाही. दर वेळी घोडी आणि गाढव लागतं, सुमारे ११ महिन्यांची गाभण आणि ओझ्याला लावण्याआधी आणखी तीन-चार वर्षं.